लवचिक सौरघटाची जडणघडण

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. कपाशी आणि सोयाबीन ही या भागातील मुख्य पिके. चैत्र-वैशाखात येथील ऊन असे तापते की, दुपारी रस्ते ओस पडतात, काळ्या वावराला बोट शिरेल अशा भेगा पडतात आणि घरावरच्या टिनाला हात लावण्याची सोय उरत नाही. पारा ४२ अंशांच्या पुढे जाणे ही विदर्भात नवलाची गोष्ट नव्हे. हेच ऊन विजेच्या रूपाने कामी यावे, ही कल्पना आता कोणास नवी राहिलेली नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी शेतातल्या विहिरींवर सौरपंप बसले आहेत. जेथे ते बसले, तेथे मध्यरात्री वीज येण्याची वाट पाहत कंदील घेऊन वावर गाठण्याचा शेतकऱ्याचा त्रास पुष्कळ कमी झाला.

परंतु विहिरीवर जे साधते, ते घरावर तितके सहज साधत नाही. लोक जिला सोलर प्लेट म्हणतात ती वस्तू म्हणजे जाड काचेखाली मांडलेल्या सिलिकॉनच्या चकत्या आणि भोवती अॅल्युमिनियमची चौकट. तिचे वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात जाते. अशा आठ-दहा प्लेटा आणि त्यांना आधार देणारा लोखंडी सांगाडा पक्क्या स्लॅबवर खुशाल ठेवावा. लाकडी वाशांवर टिन ठोकून उभारलेल्या छपराला मात्र तो भार पेलवत नाही, आणि ज्यांना विजेचा खर्च सर्वांत जड जातो अशी पुष्कळ माणसे नेमकी टिनाखालीच राहतात. त्यांच्या छपरावर ताडपत्रीसारखी अंथरता येईल, वादळाची चाहूल लागताच गुंडाळून घरात आणता येईल आणि बैलगाडीतून वावरातही नेता येईल अशी सौरपट्टी मिळाली तर? ही केवळ कल्पना नव्हे. अशा पट्ट्या प्रयोगशाळांत तयार झाल्या आहेत. त्या टिकाऊ कशा कराव्यात, या एका प्रश्नावर आज जगातील अनेक शास्त्रज्ञ झटत आहेत.

सौरघटाचे काम थोडक्यात समजून घेणे अवश्य आहे. प्रकाश काही विशिष्ट पदार्थांवर पडला म्हणजे त्यांतील इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि त्यांच्या मागे रिकाम्या जागा राहतात. सुटलेले इलेक्ट्रॉन एका बाजूने आणि रिकाम्या जागा दुसऱ्या बाजूने ओढून घेतल्या की विजेचा प्रवाह सुरू होतो. सन १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार केला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के शक्तीचे तो विजेत रूपांतर करी. आजच्या चांगल्या सोलर प्लेटा वीस टक्क्यांच्याही पुढे गेल्या आहेत. सिलिकॉनचा टिकाऊपणा तर वादातीत आहे. पंचवीस वर्षे उन्हापावसात उभे राहण्याची हमी त्यास सहज देता येते.

मग त्याच सिलिकॉनची ताडपत्री का करू नये? याचे उत्तर त्याच्या स्वभावातच आहे. सिलिकॉन १४१४ अंश तापमानाला वितळते. त्याचे शुद्ध स्फटिक घडविण्यासाठी तशीच भट्टी पेटवावी लागते. शिवाय ते प्रकाश हळूहळू शोषते, म्हणून चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड ठेवावी लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या जाडीची चकती वाकविली तर ती पापडासारखी मोडते.

येथे पेरोव्स्काइट या पदार्थकुलाचा प्रवेश होतो. सन १८३९ मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव रोझे यांनी रशियातील उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचा अभ्यास केला आणि पेरोव्स्की नावाच्या रशियन सरदाराच्या सन्मानार्थ त्यास हे नाव दिले. ते खनिज म्हणजे कॅल्शियम, टायटॅनियम व ऑक्सिजन यांचे संयुग होते. त्यातील अणूंची मांडणी फार रेखीव असते: मध्यभागी एक धातूचा अणू, त्याच्या भोवती सहा अणूंचे अष्टफलक, असे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेले आणि त्यांच्यामधील पोकळीत बसलेला एक मोठा आयन. पुढे अशीच मांडणी असलेल्या सर्व पदार्थांना पेरोव्स्काइट म्हणू लागले. म्हणजे हे एका वस्तूचे नाव नसून एका ठेवणीचे नाव होय. सौरघटात जे पेरोव्स्काइट वापरतात त्यात मध्यभागी शिसे, भोवती आयोडीन आणि पोकळीत बहुधा एखादा सेंद्रिय आयन असतो.

सन २००९ मध्ये जपानमध्ये प्राध्यापक त्सुतोमु मियासाका आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी अकिहिरो कोजिमा यांनी हे संयुग सौरघटात वापरून पाहिले. कार्यक्षमता मिळाली ३.८ टक्के. तो घट फार काळ टिकलाही नाही, कारण त्यातील द्रवातच पेरोव्स्काइट विरघळून जाई. त्या वेळी या प्रयोगाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. २०१२ मध्ये द्रवाऐवजी घन पदार्थ वापरून घट केले गेले आणि आकडा दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचला. मग मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत धावपळ उडाली. आज काचेवर केलेले असे छोटे घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. सिलिकॉनला ज्या वाटेवर अर्धे शतक लागले, ती वाट या पदार्थाने अवघ्या दीड दशकात तोडली.

या पदार्थाचा खरा गुण पुढेच आहे. खडीसाखर करताना साखरेचा दाट पाक निवू दिला की खडे आपोआप जमतात. पेरोव्स्काइटचे स्फटिकही असेच द्रावणातून जमतात. द्रावण पृष्ठभागावर पातळ पसरावे, शे-सव्वाशे अंशांपर्यंत तापवावे, की काही मिनिटांत काळसर चकचकीत थर तयार होतो. या उष्णतेत तेलही धड उकळत नाही. प्लास्टिकचे चांगल्या प्रतीचे पटल ती सहन करते. शिवाय हा पदार्थ प्रकाश इतक्या उत्सुकतेने शोषतो की अर्धा मायक्रॉन जाडीचा थर पुरतो. माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही ही जाडी कमी झाली. एवढा पातळ थर प्लास्टिकबरोबर वाकू शकतो. छापखान्यात कागद फिरतो त्याप्रमाणे प्लास्टिकची गुंडाळी एका बाजूने सोडून, तिच्यावर थर चढवून, दुसऱ्या बाजूने गुंडाळून घेता येईल, ही आशा याच गुणामुळे निर्माण झाली.

पण जे सहज जमते ते सहज विस्कटतेही. सिलिकॉनचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. म्हणून ते घडविणे कठीण आणि मोडणेही कठीण. पेरोव्स्काइटचे बंध सैल असतात. थोड्या उष्णतेने ते जुळतात आणि पाणी, उष्णता किंवा ताण यांनी तितक्याच लवकर सुटतात. पाण्याची वाफ लागताच काळा थर पिवळा पडू लागतो; तो पिवळा रंग म्हणजे उरलेले शिशाचे आयोडाइड. या पदार्थाची सुलभता राखून त्यास बळकटी कशी द्यावी, हाच लवचिक सौरघटाच्या साऱ्या संशोधनाचा गाभा आहे.

प्लास्टिकवरील पहिल्या प्रयत्नांपैकी एक सन २०१३ मध्ये सिंगापूरच्या नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत झाला. ते काम करणाऱ्या संशोधकांत हेमंत कुमार मुलमुडी व नृपण मॅथ्यूज यांच्यासह सुबोध म्हैसाळकर यांचेही नाव आहे. म्हैसाळकर हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. त्यांच्यापुढील पहिली अडचण पेरोव्स्काइटची नव्हतीच. इलेक्ट्रॉन ओढून घेण्यासाठी त्याखाली जो थर लागतो, तो तोवर टायटॅनियम ऑक्साइडचा करीत आणि त्यास साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत भाजावे लागे. एवढ्या आचेत काच टिकते. प्लास्टिक वितळून जाते. म्हणून या मंडळींनी कमी उष्णतेत तयार होणारे जस्ताचे ऑक्साइड घेतले. काचेवर त्यांस ८.९ टक्के कार्यक्षमता मिळाली. प्लास्टिकवर मिळाली २.६२ टक्के. हा आकडा लहान दिसतो खरा. पण तो मिळेपर्यंत वाकणारा पेरोव्स्काइट घट होऊ शकतो की नाही, हेच सिद्ध व्हावयाचे होते.

पुढे जस्ताच्या ऑक्साइडचा एक दोष ध्यानात आला. घट तापला की ते शेजारच्या पेरोव्स्काइटमधील सेंद्रिय आयनावर रासायनिक क्रिया करते आणि थर खराब होतो. तेव्हा संशोधक कथिलाच्या ऑक्साइडकडे वळले. तेही कमी उष्णतेत जमते आणि शेजाऱ्याशी भांडत नाही. अशा एकेका थराच्या शोधाने लवचिक घटाचा आकडा चढत गेला आणि आज तो प्रयोगशाळेत २४ टक्क्यांच्या आसपास पोहोचला आहे. वर्तमानपत्रांतून असे आकडेच तेवढे झळकतात. ते बहुधा नखाएवढ्या घटावर मोजलेले असतात आणि त्यांवरून तो घट किती दिवस चालेल याचा काहीच बोध होत नाही, ही गोष्ट वाचकाने विसरू नये.

आता वाकण्याचा विचार करू. ओला फोक वाकविला तर त्याची बाहेरची साल ताणली जाते, आतली साल आकसते आणि मधला गाभा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. पातळ पटलाचेही असेच होते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीचे पटल एक सेंटिमीटर त्रिज्येच्या नळीभोवती गुंडाळले, तर बाहेरचा पृष्ठभाग सुमारे अर्धा टक्का ताणला जातो. त्रिज्या निम्मी केली की ताण दुप्पट होतो. अर्धा-एक टक्का म्हणजे काहीच नाही, असे कोणास वाटेल. परंतु सौरघटात वीज वाहून नेण्यासाठी जो पारदर्शक थर वापरतात, तो इंडियम व कथिल यांच्या ऑक्साइडचा असून काचेसारखा ठिसूळ असतो. एक-दोन टक्के ताणात त्यास तडे जातात आणि तडा गेला की विजेची वाट तुटते. यावर दोन उपाय निघाले. एक, तो थरच बदलणे: त्याच्या जागी चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचे जाळे, वीज वाहणारे प्लास्टिक किंवा ग्राफीन वापरणे. दुसरा उपाय अधिक चातुर्याचा आहे. फोकाच्या गाभ्याला ताण बसत नाही ना? मग घटाच्या वरही खालच्याइतक्याच जाडीचे पटल चिकटवावे, म्हणजे नाजूक थर आपोआप गाभ्याच्या जागी येतात.

पेरोव्स्काइटचा थर तरी अखंड कोठे असतो? सूक्ष्मदर्शकाखाली तो दगडी भिंतीसारखा दिसतो. शेकडो लहान कण एकमेकांस चिकटून बसलेले आणि त्यांच्यामध्ये सांधे. वाकविताना तडा जातो तो बहुधा या सांध्यांतून. पाण्याची वाफ शिरते तीही त्यांतूनच. गवंडी दगडी भिंत उभी राहिली की दरजा भरतो. शास्त्रज्ञांनी नेमके तेच केले. द्रावणात थोडेसे लवचिक बहुवारिक, म्हणजे रबरासारखे लांब साखळ्यांचे रेणू असलेले द्रव्य, मिसळले. स्फटिक जमताना हे द्रव्य कणांच्या सांध्यांत जाऊन बसते, ताण आपल्या अंगावर घेते आणि वाफेची वाटही अडविते. काही बहुवारिकांचे तुटलेले दुवे किंचित ऊब मिळताच पुन्हा जुळतात; त्यामुळे वाकून पडलेले बारीक तडे काही अंशी बुजतात, असेही प्रयोगांत आढळले. मात्र दरजा भरताना चुना अति झाला तर भिंत कमजोर होते. त्याप्रमाणे हे वीजरोधक द्रव्य अधिक झाल्यास इलेक्ट्रॉनांचीच वाट अडते. प्रमाणाचा हा मेळ साधण्यात संशोधकांची वर्षे खर्ची पडतात.

उष्णतेचा प्रश्न आणखी निराळा आहे आणि फुलसावंगीच्या छपराला तोच अधिक लागू पडतो. पोकळीत बसणारा मूळचा आयन मिथाइलअमोनियम हा तापमान वाढले की वायुरूपाने निसटू पाहतो. त्याच्या जागी फॉर्मअमिडिनियम घातला तर तो उष्णता अधिक सोसतो, पण आकाराने थोडा थोर पडतो; पोकळी ताणली जाते आणि साध्या तापमानातच काळा स्फटिक पिवळ्या, निरुपयोगी रूपात पालटतो. मग त्यात सिझियम या धातूचे थोडे लहान आयन मिसळले गेले. थोर व धाकटे मिळून सरासरी माप नेमके बसते. पोकळीच्या मापावरून अशी मांडणी टिकेल की नाही हे सांगणारे गणित गोल्डश्मिट या शास्त्रज्ञाने सन १९२६ मध्येच मांडून ठेवले होते. ते नव्वद वर्षांनी येथे कामी आले. काहींनी सेंद्रिय आयन पूर्णपणे वगळून केवळ सिझियमवर भर दिला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संशोधनाचे धडे घेतलेले सावंता माळी यांनी दक्षिण कोरियातील चोन्नाम नॅशनल युनिव्हर्सिटीत आपल्या सहकाऱ्यांसह असाच पूर्णतः असेंद्रिय घट तयार केला. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात कार्यक्षमता २१.५ टक्क्यांच्या पुढे गेली.

महाराष्ट्राच्या भूमीवरही हे काम चालू आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये सन २०१० मध्ये सौरविजेच्या संशोधनासाठी व शिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. तेथे प्राध्यापक दिनेश काबरा व त्यांचे सहकारी पेरोव्स्काइटवर संशोधन करतात. त्यांचा भर सिलिकॉनला दूर सारण्यावर नसून त्याच्या वर पेरोव्स्काइटचा अर्धपारदर्शक घट ठेवण्यावर आहे. वरचा घट प्रकाशातील निळा-हिरवा भाग घेतो आणि उरलेला तांबडा भाग खालच्या सिलिकॉनला मिळतो. या जोडघटाने सुमारे ३० टक्के कार्यक्षमता गाठल्याचे सन २०२५ मध्ये जाहीर झाले. असा जोडघट गुंडाळता येणार नाही हे उघड आहे. तरी वरच्या थरास टिकाऊ करण्याची विद्या दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.

राहिला शिशाचा प्रश्न. शिसे विषारी आहे आणि मुलांच्या मेंदूला त्यापासून विशेष अपाय होतो. थर इतका पातळ असतो की एका चौरस मीटरमागे शिसे एक ग्रॅमाहूनही कमी भरते; घरोघरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते कित्येक किलो असते. एवढ्यावरून काहीजण हा प्रश्न निकालात काढतात, पण ते योग्य नाही. बॅटरीतील शिसे जाड पेटीत बंद असते आणि जुनी बॅटरी विकत घेणारा भंगारवाला गावोगाव फिरतो. पेरोव्स्काइटमधील शिसे पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असते. छपरावरची पट्टी गारांनी फाटली तर पावळणीचे पाणी ज्या हौदात किंवा अंगणात पडते, तेथेच ते जाणार. याकरिता घटाच्या दोन्ही बाजूंस शिसे धरून ठेवणारी द्रव्ये लावण्याची युक्ती निघाली. सन २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, अशा थरांमुळे घट फोडून पाण्यात टाकला तरी ९६ टक्क्यांहून अधिक शिसे जागच्या जागी अडते. शिशाऐवजी कथिल वापरण्याचेही प्रयत्न झाले. परंतु हवा लागताच कथिलाचे रूप पालटते आणि असे घट कार्यक्षमतेत मागे राहतात.

काचेला जे आयते लाभले आहे ते प्लास्टिकला मिळवावे लागते. काचेतून पाण्याची वाफ मुळीच जात नाही. साध्या पॉलिएस्टर पटलातून मात्र एका चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमच्या मापाने वाफ आरपार जाते, आणि पेरोव्स्काइटला त्याच्या हजाराव्या भागाचीही भीती. म्हणून प्लास्टिकवर अॅल्युमिनियम किंवा सिलिकॉनच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म थर व बहुवारिकाचे थर आलटून पालटून चढवितात. एका थरातील छिद्र दुसऱ्या थरातील छिद्रासमोर येत नाही, त्यामुळे वाफेला वळणावळणाने जावे लागते. अशी पटले आज महाग आहेत; पुष्कळदा आतल्या घटापेक्षा वरच्या आवरणाचाच खर्च अधिक होतो.

सन २०२५ मध्ये जपानमधील ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथील बसस्थानकाच्या वक्राकार छपरावर सुमारे अडीचशे मीटर लांबीपर्यंत पेरोव्स्काइटच्या लवचिक पट्ट्या बसविल्या होत्या. हजारो प्रवासी त्याखालून गेले. तरीही सिलिकॉनची पंचवीस वर्षांची हमी देण्याचे धाडस अजून या पट्टीच्या बाबतीत कोणी करीत नाही. सोलर प्लेटेची आंतरराष्ट्रीय परीक्षा कडक आहे: ८५ अंश उष्णता व ८५ टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत सलग १००० तास, शिवाय उणे ४० पासून अधिक ८५ अंशांपर्यंत तापविणे व निवविणे, दोनशे वेळा. लवचिक पट्टीला याखेरीज हजारो वेळा गुंडाळण्या-उलगडण्याची परीक्षाही द्यावी लागते, आणि ही सर्व संकटे एकामागून एक नव्हे, तर एकाच वेळी सोसावी लागतात. विदर्भात मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या टिनावर पडतो तेव्हा उष्णता, वाफ आणि वारा ही तिन्ही छपरावर एकदम येतात. तो पाऊस अनेक वर्षे सोसून दिवा तेवत ठेवील अशी पट्टी अद्याप व्हावयाची आहे.

अभ्यास

१. सिलिकॉनची ताडपत्री का करता येत नाही, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. 'जे सहज जमते ते सहज विस्कटतेही' हे वाक्य पेरोव्स्काइटला कसे लागू पडते?
३. गवंड्याचे दरजा भरणे आणि बहुवारिक मिसळणे यांतील साम्य व भेद लिहा.
४. शिशाच्या बाबतीत बॅटरी व लवचिक सौरघट यांची जी तुलना पाठात केली आहे, तीविषयी तुमचे मत कारणांसह लिहा.
५. आपल्या गावातील टिनाची, कौलांची व स्लॅबची घरे मोजा आणि जड सोलर प्लेटा त्यांपैकी किती घरांवर ठेवता येतील, हे एखाद्या गवंड्याला विचारून या.